ईमॅक्समध्ये मराठी शोध: दर्या सापडतो, दऱ्या निसटतात

जोडाक्षराच्या आत कर्सर नेण्याचं काम मागच्या खेपेला मिटलं होतं. ईमॅक्स या मजकूर-संपादकात २९ व्या आवृत्तीपासून आलेला कंपोझिशन-ब्रेक-ॲट-पॉइंट हा पर्याय चालू केला की पुरतं. या वेळी शोधाची पाळी होती आणि तिथे एका अर्ध्या र ने सगळा वेळ खाल्ला.

दुखणं असं. ‘दऱ्या’ मधला आडवा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. पहिली तऱ्हा: ऱ (कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक, ०९३१) आणि हलन्त. दुसरी: साधा र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब), हलन्त. तिसरी: साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे (२००डी), म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. जुन्या मजकुरात ही तिसरी तऱ्हा भरपूर आहे. हार्फबझ (अक्षरांना आकार देणारी लायब्ररी) तिन्हींचा आकार सारखाच काढतो, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू कंट्रोल-एक्स बरोबर-चिन्ह दाबा, किंवा ऑटो-कंपोझिशन-मोड बंद करा, मग आतले तुकडे दिसतात. आयसर्च, म्हणजे ईमॅक्सचा टाइप करतानाच चालणारा शोध, मात्र कोडपॉइंट जुळवतो. ऱ टाइप करून शोधलं तर झेडडब्ल्यूजेवाल्या सगळ्या दऱ्या गायब.

मजकुराचं एनएफसी (युनिकोडचं प्रमाणित जोडलेलं रूप) करून घेतल्याने प्रश्न अर्धाच सुटतो. र आणि नुक्ता एकत्र येऊन ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेला एनएफसी हात लावत नाही. शिवाय सेव्ह करताना दुसऱ्याच्या फायली बदलायच्या म्हणजे गिटमध्ये न केलेल्या कामाचा डिफ (फरकांची यादी) दाखवत बसायचं. ती कल्पना तिथेच बाद.

मग कॅर-फोल्ड, म्हणजे मिळत्याजुळत्या अक्षरांनाही जुळवणारा शोध (आयसर्चमध्ये मेटा-एस आणि अवतरणचिन्ह). कॅर-फोल्ड-इन्क्लूडमध्ये ‘हलन्त म्हणजे हलन्त-झेडडब्ल्यूजेसुद्धा’ आणि ‘ऱ म्हणजे र सुद्धा’ अशा दोन नोंदी टाकल्या की दऱ्या तिन्ही तऱ्हांनी सापडतात. पण सोबत दर्याही येतो, आचाऱ्यांच्या यादीत आचार्य येऊन बसतात. कॅर-फोल्ड एकेका अक्षराचा विचार करतो. आपल्याला दोन-तीन कोडपॉइंटची साखळी एकगठ्ठा बदलायची आहे. ॲक्सेंटवाल्या लॅटिन लिप्यांसाठी ते उत्तम आहे, मराठीला अपुरं.

खरी वाट सर्च-डिफॉल्ट-मोड या सेटिंगमधून जाते. त्याला फंक्शन देता येतं: शोधायची स्ट्रिंग आत, रेगेक्स (शोधाचा नमुना) बाहेर. फंक्शनचा क्रम महत्त्वाचा. आधी स्ट्रिंग रेगेक्स्प-कोटमधून (खास चिन्हांना एस्केप करणारं फंक्शन) काढायची, मग रिप्लेस-रेगेक्स्प-इन-स्ट्रिंगने तिन्हीपैकी कोणतीही साखळी दिसली की तिच्या जागी तिन्हींचा पर्यायी गट ठेवायचा. उलट केलं तर कोट आपल्याच गटाच्या बॅकस्लॅशला एस्केप करतो. रिप्लेस-रेगेक्स्प-इन-स्ट्रिंगचं पाचवं आर्ग्युमेंट, लिटरल, टी (म्हणजे खरं) ठेवा. नाहीतर गटातल्या बॅकस्लॅशवरून एरर येते. आणि कोडमध्ये झेडडब्ल्यूजे प्रत्यक्ष टाइप करू नका, बॅकस्लॅश-यू आणि चार आकडी कोड लिहा. न दिसणारं अक्षर सोर्समध्ये ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाला शिक्षा.

इथवर सोपं होतं. फंक्शन सुटं तपासलं तर बिनचूक, प्रत्यक्ष आयसर्चमध्ये मात्र पहिली दरी हमखास सुटते. कारण शोध वाढत्या क्रमाने चालतो. द, मग ऱ टाइप होतो तेव्हा हलन्त अजून आलेला नसतो, म्हणून साखळी ओळखू येत नाही. नुसता ‘दऱ’ झेडडब्ल्यूजेवाल्या शब्दाला जुळत नाही, आयसर्च पुढच्या ऱ-वाल्या शब्दावर उडी मारतो, आणि हलन्त आल्यावर शोध तिथूनच पुढे सुरू होतो. मागे राहिलेला शब्द फेरा पूर्ण होईपर्यंत दिसत नाही.

यातून नियम निघतो तो हा: अर्धवट स्ट्रिंगचा रेगेक्स पूर्ण स्ट्रिंगच्या रेगेक्सपेक्षा कधीच अरुंद असता कामा नये. म्हणून स्ट्रिंगच्या शेवटी र किंवा ऱ असेल तर दोन्ही जुळवायचे, त्यापुढे नुक्ता ऐच्छिक. शेवटी ‘र्’ असेल तर त्यातही ऱ् येऊ द्यायचा. पुढचं अक्षर आलं की गट आपोआप आवळतो. आयसर्च फंक्शनला लॅक्स नावाचं दुसरं आर्ग्युमेंट देतो, ते टाइप करतानाच खरं असतं. ही सैल शेपटी त्याच्यावर टांगायचा बेत होता. तो सोडला, कारण टाइप करताना दिसलेला शब्द कंट्रोल-एस पुन्हा दाबताच नाहीसा होतो. शेपटी कायम सैलच बरी.

तपासणीसाठी चार ओळींचा बफर (ईमॅक्समध्ये उघडलेला मजकूर) पुरतो: दर्या एकदा, दऱ्या तिन्ही तऱ्हांनी. ‘दर्या’ शोधून मेटा-एस ओ दाबल्यावर ऑकरमध्ये (जुळलेल्या ओळींच्या यादीत) एक ओळ यायला हवी, ‘दऱ्या’ला तीन. दोन्ही बरोबर येतात. ऑकरला हे फंक्शन फुकटात मिळालं, याचा आनंद वेगळाच. प्रोजेक्ट-फाइंड-रेगेक्स्प (सगळ्या प्रोजेक्टमधला शोध) मात्र बाहेरच्या शोध-प्रोग्रॅमला, ग्रेपला किंवा रिपग्रेपला, काम देतो, तिथे पर्यायी गट अजून हाताने लिहावा लागतो.

जाता जाता एक छोटं यश. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर करंट-आयएसओ६३९-लँग्वेज हे सेटिंग तपासा. हार्फबझला भाषा इथून कळते, आणि तिची किंमत लोकेलवरून (संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) ठरते. इनिट फायलीत (ईमॅक्स सुरू होताना वाचली जाणारी फाइल) ती एमआर, म्हणजे मराठीचा कोड, केली की नोटो सॅन्स देवनागरीत मराठी वळण येतं. एकदा घडवलेली अक्षरं कॅशमध्ये राहतात, म्हणून ही ओळ सुरुवातीलाच हवी. एका बफरात हिंदी आणि दुसऱ्यात मराठी वळण हवं असेल तर यातून साधत नाही.

हे लिहिताना ॲ समोर आला आणि बेत बदलला. ॲ (०९७२) युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आला. त्याचं विघटन होत नाही, म्हणजे अ-अधिक-चंद्र या जोडीशी युनिकोडच्या लेखी त्याचं काही नातं नाही. वर कुणी हिंदीतला ऍ वापरतो. ऑ आणि आ-अधिक-चंद्र यांचीही तीच कथा. तेव्हा र साठी खास फंक्शन नको, समानार्थी साखळ्यांचं एक टेबल हवं आणि सैल शेपट्या त्या टेबलातूनच तयार व्हायला हव्यात: प्रत्येक साखळीचा प्रत्येक पूर्वभाग घ्यायचा आणि तो ज्या गटाचा, त्या गटातल्या सगळ्या साखळ्यांचे पूर्वभाग जुळवायचे. ‘अ’ नुसता टाइप झाला तरी ॲ आणि ऍ हातचे जाता कामा नयेत.

हे कुठे पाठवायचं? कंट्रोल-एच कंट्रोल-टी ने ईमॅक्सची स्वतःची कामांची यादी उघडते, नवख्यांसाठी सोप्या कामांचा भागही त्यात आहे. आपलं काम ईमॅक्सच्या मुळात घालायचं तर लँग्वेज फोल्डरातली इंडियन फाइल ही योग्य जागा. देवनागरी अक्षरं कशी जोडायची त्याचा पॅटर्न तिथेच आहे. पण साधारण १५ ओळींच्या पलीकडे गेलं की एफएसएफकडे (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे) कॉपीराइट सोपवण्याची कागदपत्रं लागतात, आणि टेबलासकट हे त्यापुढे जाणारच. म्हणून आधी नॉन-ग्नू एल्पावर (ईमॅक्स पॅकेजांच्या भांडारावर) छोटं पॅकेज, तिथे कागदपत्रं लागत नाहीत. ज्यांना हातभार लावून पुढे ते मुळात न्यायचं आहे त्यांनी कागदपत्रं आत्ताच सुरू करावीत, नंतर सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरणं कटकटीचं होतं.

ईमॅक्स २९ मध्ये मोडी लिपीसाठीही लँग्वेज एन्व्हायर्नमेंट आणि इनपुट मेथड आली आहे. तिथला शोध या टेबलात घ्यायचा की नाही, ते देवनागरीच्या ईआरटी (ईमॅक्सच्या स्वयंचलित) चाचण्या हिरव्या झाल्यावर. सध्या ‘अॅ’ची चाचणी लाल आहे: उलट्या शोधात, कंट्रोल-आर ने, शेपटीचा गट चंद्र सोडून नुसत्या अ वर थांबतो. पर्यायांत लांब साखळी आधी लिहून पाहायची आहे.