ताकामात्सुचे उदोन आणि पायाखालची कणीक

अन्नाला पाय लावू नये आणि जेवताना तोंडाचा आवाज करू नये, या दोन गोष्टींवरून लहानपणी आजीची पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. गेल्या नोव्हेंबरात जपानच्या शिकोकू बेटावर, कागावा प्रांतात, आम्ही उभयता चार दिवस राहिलो आणि तिथे या दोन्ही गोष्टी राजरोस होताना पाहिल्या; नुसत्या पाहिल्या नाहीत, केल्याही.

ओकायामाहून निघालेली ‘मरीन लायनर’ गाडी १९८८ साली खुल्या झालेल्या सेतो ओहाशी या पुलावरून समुद्र ओलांडते आणि सुमारे तासाभरात कागावाचे मुख्य शहर असलेल्या ताकामात्सुला पोहोचते. कागावा हा क्षेत्रफळाने जपानमधला सर्वांत लहान प्रांत असला तरी गव्हाच्या जाड, पांढऱ्याशुभ्र शेवयांचे, म्हणजे उदोनचे वेड तिथे इतके आहे की पर्यटन खात्यानेच ‘उदोन प्रांत’ असे टोपणनाव मिरवले. इथे पाऊस कमी, म्हणून भाताच्या जोडीला गहू आला. किनाऱ्यावर मिठागरे होती, शोदोशिमा बेटावर सोयासॉस मुरत होता आणि इबुकी बेटावर ‘इरिको’ ही बारीक मासळी उकडून वाळवली जात होती. एका वाडग्याला लागणारे सगळे घरच्या अंगणातच होते. आता बरेचसे पीठ ऑस्ट्रेलियन गव्हाचे असते, हे मात्र थोडे हिरमोड करणारे आहे.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातलाच आम्ही एका स्वयंसेवा दुकानात शिरलो. रांगेत टाय बांधलेले नोकरदार होते, गमबूट घातलेला एक कामगार होता आणि पाठीवर दप्तर घेतलेली एक शाळकरी मुलगी होती. एक गुंडाळी हवी असेल तर ‘शो’, दोन हव्या असतील तर ‘च्यू’ आणि तीन हव्या असतील तर ‘दाई’, एवढे शब्द मी पाठ करून गेलो होतो. हावरटपणाने ‘च्यू’ म्हणालो. काउंटरमागच्या बाईंनी थंड शेवयांच्या दोन गुंडाळ्या वाडग्यात टाकून तो माझ्या हाती दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. इथून पुढचे काम आपले. उकळत्या पाण्याच्या हौदाशी ‘तेबो’ नावाच्या लांब दांड्याच्या खोल गाळण्या टांगलेल्या असतात. तीत शेवया घालून दहापंधरा सेकंद बुडवायच्या आणि वाडग्यात परत ओतायच्या. मी बुडवल्या आणि तशाच ओतल्या. मागच्या आजोबांनी काही न बोलता आपली गाळणी हौदाच्या कडेवर दोनदा ठक् ठक् आपटली, पाणी निथळू दिले आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या वाडग्याच्या तळाशी बोटभर पाणी साचले होते. त्यामुळे नळाची तोटी फिरवून वर घेतलेले दाशी, म्हणजे इरिकोचे ते सोनेरी सार, पहिल्या दिवशी पाणचटच लागले. तरीही त्याचा वास असा होता की कोकणातल्या माणसाला सुक्या मांदेलीची आठवण व्हावी. कांद्याची पात, किसलेले आले, तळणीतला कुरकुरीत चुरा आणि रताळ्याचे एक तेंपुरा, म्हणजे जपानी भजे, धरून पाचशे साठ येन झाले, म्हणजे साधारण सव्वातीनशे रुपये.

मग भुरका. ओढताना हवा आत जाते, त्यामुळे शेवया निवतात आणि साराचा वास नाकापर्यंत चढतो, एवढे सोपे ते शास्त्र आहे. ताकातल्या किंवा कढीतल्या भाताचा भुरका आपल्याकडेही मारला जातो, पण तो घरात, पाहुणे नसताना. तिथे मात्र पन्नास माणसे एका वेळी भुरके मारत होती आणि दुसरा कसलाही आवाज नव्हता. उदोनची चव तिथले लोक घशाने मोजतात. शेवई गिळताना घशाला कशी लागते यासाठी ‘नोदोगोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे. शेवईच्या चिवट, लवचीक ताणाला ‘कोशी’ म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ कंबर.

माझी पत्नी शाकाहारी आहे, त्यामुळे दाशी तिच्या कामाचे नव्हते. शेवयांत मात्र पीठ, मीठ आणि पाणी यांखेरीज काही नसते. तेव्हा तिने ‘किजोयु उदोन’ धरले: थंड शेवया, वर किसलेला मुळा, पात, आले आणि साध्या सोयासॉसची धार. शाकाहारी वाचकांना एकच सांगणे आहे की टेबलावरच्या बाटलीत ‘दाशीजोयु’ असेल तर तो टाळावा, कारण त्यात मासळीचा अर्क असतो. तेंपुराची तळणही बहुधा एकच असते, म्हणून रताळेही तिने सोडले. चार दिवस तेच खाऊन तिने कुरकूर केली नाही. खरे सांगायचे तर शेवयांची खरी पारख तिलाच झाली. माझे लक्ष सारात अडकले होते.

तिसऱ्या दिवशी कोतोहिराला गेलो. कोंपिरा देवस्थानाच्या मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत, त्या चढून उतरल्यावर पायथ्याच्या एका उदोनशाळेत बसलो. मिठाचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते, असे तिथे शिकवले: एक भाग मिठाला कडक उन्हाळ्यात तीन भाग पाणी, थंडीत सहा आणि एरवी पाच, कारण उकाड्यात कणीक सैल पडते आणि मीठ तिला आवळून धरते. मळलेला गोळा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, जमिनीवर ठेवला आणि शिकवणाऱ्या बाईंनी मोठ्याने गाणी लावून सांगितले, “तुडवा.” मी बूट काढले, मोज्यांकडे पाहिले आणि क्षणभर तसाच उभा राहिलो. पत्नीने गोळ्याला नमस्कार केला आणि मग त्यावर चढली. टाचेखाली कणीक आधी रबरासारखी ढकलते, पाचेक मिनिटांत मऊ पडते. घडी घालून पुन्हा तुडवली की पुन्हा ढकलते. हाताने इतका जोर लावणे कोणाच्याच आवाक्यातले नाही, हे पोटऱ्या भरून आल्यावर पटले.

आमच्या शेवया काही नाडीएवढ्या बारीक तर काही बोटाएवढ्या जाड कापल्या गेल्या. त्या टेबलावरच्याच पातेल्यात दहाबारा मिनिटे उकळल्या. पत्नीने सोयासॉसात बुडवून पहिली शेवई उचलली. ती इतकी लांब निघाली की तोडणे शक्य नव्हते, आणि तिने असा भुरका मारला की मीच दचकून आजूबाजूला पाहिले. शेजारच्या टेबलावरचे कुटुंब आपापल्या वाडग्यांत डोके घालून भुरकत होते.