निंबोळी अर्क आणि बिव्हेरिया: एका पंपात चालतं का?

बिव्हेरिया म्हणजे किडींना मारणारी बुरशी. पऱ्हाटीवरच्या अळ्यांसाठी निंबोळी अर्काशी तिची जोडी लावण्यामागचं कारण साधं आहे. बुरशीचे बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतात, रुजतात आणि मग आत शिरतात. तेवढ्यात अळीने कात टाकली, की बीजाणूही कातीसोबत गेले. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन कात टाकणं लांबवतं, म्हणजे बुरशीला वेळ मिळतो. पण अर्क दाट असला तर बीजाणूच रुजत नाहीत.

म्हणून आधी कणीवर चाचणी. तांदळाची कणी 50 ग्रॅम, पाणी 40 मिली, काचेच्या बाटलीत. कापसाचा बोळा लावून कुकरमध्ये अर्धा तास. अशा चार बाटल्या, पूर्ण थंड झालेल्या. अर्क नेहमीचाच 5 टक्के: 5 किलो निंबोळी पूड 10 लिटर पाण्यात रात्रभर, गाळून 100 लिटर. बिव्हेरिया भुकटी लिटरला 5 ग्रॅम. एकदा साध्या पाण्यात, एकदा निम्म्या ताकदीच्या अर्कात, एकदा पूर्ण अर्कात. कालवून तीन तास ठेवायचं, कारण पंपात तेवढा वेळ जातोच. मग प्रत्येकाचं 2 मिली एकेका बाटलीत. चौथीत नुसता अर्क. ही चौथी वगळू नका: अर्क निर्जंतुक नसतो, कणी आंबली तर दोष बुरशीचा की अर्काचा हे तिच्यावरूनच कळतं.

आतापर्यंत: निम्म्या अर्काची बाटली साध्या पाण्यापेक्षा जरा मागे, पण कणी पांढरी झाली, म्हणजे बुरशी वाढली. पूर्ण अर्कात नुसते ठिपके. हिरवी-काळी बुरशी दिसली तर बाटली फेका. (मेटारायझियम या दुसऱ्या कीडमार बुरशीला हा नियम लावू नका, ते स्वतःच हिरवं असतं.)

त्यामुळे वावरात एकत्र द्यायचं तर अर्क निम्मा, आणि कालवलं की लगेच, उन्हं उतरल्यावर फवारायचं. पूर्ण अर्क हवाच असेल तर तो आधी, बुरशी दोन-तीन दिवसांनी. अर्कात धुण्याची पावडर नको, द्रावण अल्कधर्मी होतं. संत्र्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलेला पंप तर नकोच. तांबं बुरशी मारतं.

मेलेली अळी ओल्या कागदावर, झाकणाच्या डबीत ठेवा. ताठ होऊन सांध्यांतून पांढरी लव फुटली तर बुरशीचं काम. मऊ, काळपट, अर्धवट कातीत अडकलेली असेल तर निंबोळीचं.

भंडारा-गडचिरोलीकडे शेजारी टसर असेल तर बिव्हेरिया नकोच, रेशीमकिड्यालाही ती लागते.