आमची वाटचाल : हॉटेलच्या चादरी धुण्याची चौतीस वर्षं

आमच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात हॉटेलच्या खोल्या किती वाढल्या, यावर पेपरात बातमी आली की मंडळी मला फोन करतात. मी आमच्या मालाच्या वहीतून उत्तर देतो. शंभर खोल्यांचं हॉटेल साठ टक्के भरलं, तर चादरी, ड्युव्हे म्हणजे दुलईचं कव्हर, उशांचे अभ्रे, टॉवेल, बाथमॅट मिळून खोलीमागे चार किलो धरा. रोजचा 240 किलो माल झाला. गेटवरच्या पाटीवर खोल्या कितीही लिहिल्या असोत, ट्रॉलीत 90 किलो आला तर रात्री किती खोल्यांत माणूस झोपला ते कळतं. चौतीस वर्षं मी हे शहर असं मोजत आलो आहे.

सुरुवात 1991 ची. मी तेव्हा औरंगाबादच्या एका मोठ्या हॉटेलात लिनन रूम, म्हणजे चादरी-टॉवेलांची खोली, सांभाळत होतो. अजिंठा आणि वेरूळ 1983 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले होते. जपानी, फ्रेंच, जर्मन ग्रुप यायचे, दोन रात्री राहायचे: एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, त्यामुळे ग्रुपचं वेळापत्रक आणि आमच्या मालाचा चढउतार एकमेकांना बांधलेले. मोठ्या हॉटेलांची स्वतःची लाँड्री होती. स्टेशन रोड, पदमपुरा, उस्मानपुरा इथल्या वीस-वीस खोल्यांच्या लॉजना मात्र कोणी वाली नव्हता. त्यांच्या चादरी घाटावर जायच्या आणि पिवळट होऊन यायच्या. हॉटेलातला बॉयलर अटेंडंट आणि मी, दोघांनी नोकरी सोडली. तीस किलोचं जुनं साइड-लोडिंग वॉशर, पंधरा किलोचा हायड्रो (कपड्यांतलं पाणी पिळून काढणारं मशीन) आणि कोळशाच्या चार इस्त्र्या एवढ्यावर शेड उघडली.

पहिलं गिऱ्हाईक अण्णा. स्टेशनजवळ अठरा खोल्यांचं लॉज. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं?" बोअरचं म्हटल्यावर गप्प झाले. दुसऱ्या दिवशी स्वतः बाटली घेऊन शेडवर आले, तिच्यात आमचं पाणी भरलं, साबणाचे चार थेंब टाकून खळखळून हलवली. फेस धरेना, वर नुसता साका. म्हणाले, "यात माझ्या चादरी टाकू नकोस. आधी सॉफ्टनर बसव, मी थांबतो." ते दोन महिने थांबले. या काळ्या दगडातलं पाणी जड असतं, ते सुताच्या धाग्यात चुना भरत जातं आणि शंभर धुण्यांत चादर पुठ्ठ्यासारखी होते. सॉफ्टनर म्हणजे पाण्यातला चुना काढणारं यंत्र. त्याची रेझिन, म्हणजे चुना धरणारे दाणे, मिठाच्या पाण्याने वेळेवर धुतली नाही, तर महागातली पावडरही वाया जाते. आजही रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी ती बाटली हलवली जाते. टेस्ट किट आहे, तरीही हलवली जाते.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं माल येत होता, जात होता. भागीदाराने गावी शेती घेतली आणि तो हिशोब करून बाजूला झाला, वाद नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि त्या हिवाळ्यात परदेशी ग्रुप रद्द होत गेले. तेवढा एक हंगाम कोरडा गेला.

शहर बदललं ते त्याच सुमारास, आणि ते आम्हाला आधी कळलं. रंगीत काठाच्या चादरी गेल्या, सगळीकडे पांढरं आलं. ब्लँकेट जाऊन ड्युव्हे आला, एका पलंगाच्या मालाचं वजन जवळजवळ दीडपट झालं. मालाचा वारही बदलला. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत येणारे इंजिनिअर, ऑडिटर सोमवार ते गुरुवार राहायचे आणि शुक्रवारी खोल्या रिकाम्या. पुढे लग्नं आली, शनिवार-रविवार भरले. नवी हॉटेलं जालना रोडने चिकलठाण्याकडे सरकली, कारण विमानतळ तिकडे आणि लग्नाच्या लॉनला जागाही तिकडेच. लेण्यांसाठी आलेल्या माणसाने स्टेशन रोडवर दोन रात्री राहणं कमी होत गेलं. शिर्डीहून सकाळी निघून वेरूळ करून संध्याकाळी परत जाणाऱ्या गाड्या वाढल्या. डेक्कन ओडिसी या आलिशान रेल्वेगाडीचे पाहुणे आपल्या डब्यातच झोपतात. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर. रस्ता उत्तम आहे, मीही वापरतो. पण पूर्वी इथे मुक्काम करणारी गाडी आता सरळ पुढे जाते. लेण्यांतली तिकिटं वाढली म्हणून खोल्या बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्यातली किती माणसं रात्री इथे झोपली ते आधी विचारा. फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 च्या महिला परिषदेचे पाहुणे आले तेव्हा शहर उजळलं होतं, त्या आठवड्यात आम्ही तीन पाळ्या चालवल्या. ते आठवडे नेहमीचे धरून कर्ज काढू नये.

हे मी कर्ज काढून शिकलो.

2018 मध्ये बाहेरच्या एका कंपनीने जालना रोडवरची तीन हॉटेलं चालवायला घेतली. नाव घेत नाही. तिन्ही मिळून 210 खोल्या. त्यांचे खरेदी अधिकारी आमच्या शेडवर आले, हायड्रोतून निघालेली ओलसर चादर कॅलेंडरवर, म्हणजे गरम रोलच्या इस्त्रीच्या मशीनवर, चढताना बघितली, कौतुक केलं आणि म्हणाले, एवढा माल पेलायचा तर क्षमता वाढवा. मी 38 लाखांचं कर्ज घेतलं. साठ किलोची दोन वॉशर आणि तीन मीटर रुंदीचं कॅलेंडर आलं. काय मशीन होतं ते! दोन मुली एका बाजूने चादर लावायच्या, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, सपाट, कडा जुळलेली बाहेर यायची. रोज सकाळी मेणाचं फडकं रोलखालून फिरवायचं, नाहीतर चादर चिकटून पिवळी होते. ते काम मी दुसऱ्यावर सोडलं नाही.

त्या मालापायी मी छोट्या लॉजना सांगितलं की तुमचा माल दिवसाआड पाठवा. वीस खोल्यांच्या लॉजकडे चादरींचे जेमतेम दोन संच, दिवसाआड कसं जमणार? सात लॉज सोडून गेली. ती चूक माझी. अण्णा राहिले. त्यांच्याकडे तीन संच होते: एक पलंगावर, एक आमच्याकडे, एक कपाटात.

कंपनीची बिलं साठ दिवसांची ठरली होती. ती नव्वदवर गेली, मग एकशेवीसवर. आणि सोबत डेबिट नोटा, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या: टॉवेल हरवले, चादरी फाटल्या. टॉवेल आम्ही हरवत नाही. त्यांच्या हाउसकीपिंगची मुलं त्याच टॉवेलने फरशी पुसून ते फेकून देत, आमच्या गाडीवाल्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माल उचलताना मोजून सही घ्यायची शिस्त आम्ही मोठ्या गिऱ्हाइकाच्या भिडेपोटी सोडली होती, म्हणून हातात कागद नव्हता. जानेवारी 2020 मध्ये 17 लाख येणं असताना कंपनीने तिन्ही हॉटेलं सोडली. त्यांच्या ऑफिसात मी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी मला गेटवरच बसवून ठेवलं, पाण्याचा ग्लासही आला नाही. त्यातले सव्वादोन लाख मिळाले, बाकी आजही येणं आहे आणि मी ते वहीतून खोडलेलं नाही.

मार्चमध्ये सगळं शहर बंद झालं. नवं कॅलेंडर झाकून ठेवलं होतं. दर आठ दिवसांनी जाऊन मी ते गार असतानाच पंधरा मिनिटं फिरवायचो, रोलचं पॅडिंग एका जागी दबू नये म्हणून. हप्ते पुढे ढकलले गेले, व्याज चालूच होतं. चौदा माणसांतली नऊ गावी गेली.

जूनमध्ये अण्णांचा फोन आला. लॉजमध्ये एकही पाहुणा नव्हता. त्यांनी पडदे, ब्लँकेट, गाद्यांची कव्हरं, तिन्ही संच, होतं नव्हतं ते सगळं टेम्पोत घालून पाठवलं आणि सोबत पाकिटात पूर्ण पैसे, आगाऊ. मी परत पाठवले, तर स्वतः स्कूटरवर आले. मास्क लावून दारातच उभे राहिले. म्हणाले, "बंद लॉजात वाळवी लागते रे. धुवून ठेव, गिऱ्हाईक येईल तेव्हा घाई नको." त्या पैशांत बॉयलरचं डिझेल आलं. मग डॉक्टर-नर्स राहत असलेल्या दोन हॉटेलांचा माल मिळाला आणि आम्ही उभे राहिलो. कर्ज 2024 मध्ये फिटलं.

आता नव्याने हॉटेल काढणाऱ्यांसाठी थोडं. आर्किटेक्ट लिनन रूम जिन्याखाली ढकलतो, त्याला ढकलू देऊ नका. ओल लागली की घडीवर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते निघत नाहीत. खोलीत बूट पुसायला कापड ठेवा, नाहीतर पाहुणा टॉवेल वापरतो. हळदीचा कार्यक्रम घेत असाल तर त्या खोल्यांचा माल वेगळा बांधून पाठवा. हळद धुण्याच्या पावडरीच्या खारात लाल होते आणि सगळा लोड रंगवते, उन्हात मात्र ती उडते, म्हणून आमच्या गच्चीवरच्या दोऱ्या मी काढलेल्या नाहीत. पाण्याचं तर विचारूच नका. जायकवाडी भरलेलं असतानाही नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, खोल्यांचा परवाना काढाल तेव्हा टँकरचाही हिशोब मांडा. सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झाला, पाहुण्याला ते बरं आहे. पण हॉटेलचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं आणि आमच्या बिलावरचे 18 टक्के त्यांच्या अंगावर पडले. दर पाडायला लगेच माझ्याकडे येतात. पावडर आणि डिझेल मला स्वस्त झालेलं नाही. आणि लाँड्रीवाल्या भावांनो, एका गिऱ्हाइकाचा माल एकतृतीयांशावर जाऊ देऊ नका, उधारी तीस दिवस, आणि मोजणी त्यांच्या माणसासमोर.

सात लॉजपैकी चार परत आली आहेत. दोघांनी धंदाच बंद केला, एकाने दुकानं काढली.

अण्णांचं लॉज त्यांच्या मुलाने पाडलं. त्या जागी चार मजले उभे राहिले, 48 खोल्या, लिफ्ट, वर हॉल. अण्णा आता वरच्या मजल्यावर राहतात, फारसे उतरत नाहीत. गेल्या महिन्यात हॉटेल सुरू झालं. मुलाने लिननचे तीन संच घेतले, वडिलांच्या सांगण्यावरून. पहिल्या सकाळी अकरा खोल्यांचा माल आला. तो मी गाडीजवळ उभं राहून, त्यांच्या माणसासमोर, एकेक नग मोजून घेतला आणि सही करून दिली.