आमची वाटचाल : भोपळे, भुंगेरे आणि ते एक वर्ष

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड या झाडांचा रस शोषणाऱ्या किडी खाणारे भुंगेरे वाढवून विकणं, हा आमचा धंदा. सुरुवातीला एक खोली होती आणि आम्ही दोन भागीदार. भागीदाराचा सगळा जीव भोपळ्यांत, कारण भुंगेऱ्यांचं खाद्य म्हणजे पिठ्या ढेकूण आम्ही भोपळ्यावरच वाढवायचो. लाल भोपळा घ्यायचा तो देठासकट, कारण देठ मोडला की तिथूनच सड लागते. साल खरचटली असेल तर मेण लावायचं, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून वाळवायचं आणि मगच त्यावर पिठ्या ढेकणाची पिल्लं सोडायची. ढेकणांनी भोपळा पांढरा झाला की पिंजऱ्यात क्रिप्टोलिमस, म्हणजे ढेकूण खाणाऱ्या जातीचे भुंगेरे. साधारण महिन्याभरात नवी पिढी. भुंगेरे गोळा करायची, तोंडाने ओढायची आमची पहिली काचेची नळी अजून माझ्याच खणात असते. तिला कुणी हात लावलेला मला चालत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

मग बाहेरून विकत आणलेल्या पिठ्या ढेकणाच्या साठ्यातून लेप्टोमॅस्टिक्स आली, तांदळाच्या कणीएवढी परोपजीवी माशी. बागेत ती आपली मित्रच. आमच्या खोलीत मात्र तिने ढेकणांच्या पोटात अंडी घातली आणि बघता बघता भोपळ्यांवर मेलेल्या ढेकणांच्या नुसत्या तपकिरी, फुगलेल्या कवड्या उरल्या. खायला नाही म्हटल्यावर भुंगेऱ्यांच्या अळ्या एकमेकींना खाऊ लागल्या. सगळे पिंजरे रिकामे करून धुवावे लागले. ज्याने तो साठा विकला, त्याने नंतर फोनही उचलला नाही.

तेवढ्यात एका स्पर्धकाने आमच्या गिऱ्हाइकांना कळवलं की आम्ही बंद पडलो. निम्मी गिऱ्हाइकं गेली. भागीदारही बाहेर पडला. त्याच्या घरच्या अडचणी होत्या, त्याला बोल लावत नाही.

गेले नाहीत ते एक कॉफीवाले काका. त्यांच्या झाडांवर पिठ्याही होता आणि पानांच्या शिरांवर चिकटलेली हिरवी खवले कीडही. खाली सगळीकडे चिकटा, म्हणजे किडीने टाकलेला गोड चिकट द्रव, त्यावर काळी बुरशी. मी म्हटलं, "काका, यंदा दुसरीकडून घ्या." ते म्हणाले, "तुझेच भुंगेरे आहेत की माझ्या बागेत, ये आणि घेऊन जा." खरंच होते. त्याच बागेतून नळीने वेचून आणलेल्या भुंगेऱ्यांवर आम्ही पुन्हा उभे राहिलो.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. भुंगेरे सोडण्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. चिकट्यासाठी मुंग्या त्या किडीची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. खोडाला चिकट पट्टी बांधा, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटा. क्रिप्टोलिमसची अळी पांढऱ्या मेणाची, थेट पिठ्यासारखीच दिसते. ती पाहून "कीड वाढली" म्हणत औषध मारणारे शहाणे कमी नाहीत. आणि किडीने कीड मरते का, असं विचारणाऱ्यांना मी कॅलिफोर्नियाचं उदाहरण देतो : १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून नेलेल्या रोडोलिया भुंगेऱ्याने तिथल्या संत्र्याच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या होत्या.

त्या स्पर्धकाच्या डब्यावर आजही छापलेलं असतं, 'सर्व खवले किडींवर एकच भुंगेरा'. कठीण कवचाच्या खवल्यांना क्रिप्टोलिमस फारसा पुरा पडत नाही, तिथे किलोकोरस हा दुसरा भुंगेरा लागतो. हे त्याला मी समोरासमोर सांगितलंय. छपाई बदललेली नाही.