नावाच्या रकान्यात अडकलेला प्रवेश

बारा वर्षांनी पुन्हा शिकायचं ठरवलं आणि ऑनलाइन एम.ए.चा अर्ज भरायला बसले. फोटो, सही, कागदपत्रं एका संध्याकाळी चढवून झाली. अडलं ते डेब आयडीवर, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डेब) ओळख क्रमांकावर.

२०२४पासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पदवी घ्यायची तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पोर्टलवर हा आयडी काढावा लागतो. त्याला आधी एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक श्रेयांकांच्या बँकेतला खाते क्रमांक, लागतो, तो डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर नाव घेतं आधारवरून. आधारवर माझं सासरचं नाव. बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं, तेही आडनाव आधी. अर्ज परत आला: 'नावात तफावत'.

अभ्यासकेंद्रावर गेले. खिडकीतले म्हणाले, "मॅडम, हे आमच्या हातात नाही, मुख्यालयाला मेल करा." मेलला उत्तर आलं, अभ्यासकेंद्राशी संपर्क साधा. एकाने राजपत्र मागितलं, दुसऱ्याने प्रतिज्ञापत्र. नेमकं काय चालेल ते माहितीपुस्तिकेत कुठेच नव्हतं. एकोणीस दिवस यात गेले. तिसऱ्या खेपेला माझ्यामागे रांगेत आणखी दोघी होत्या, दोघींच्या हातात विवाह नोंदणीचा दाखला. लग्नानंतर नाव बदललेली प्रत्येक बाई इथे अडणार, हे अर्ज तयार करणाऱ्याला कळायला नको?

शेवटी छाननी विभागातल्या एका सरांनी माझा विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र शेजारी शेजारी ठेवून पाहिलं आणि पाच मिनिटांत मंजुरी दिली. मला तिथेच रडू आलं.

तुम्ही भरणार असाल तर हे दोन्ही कागद आधीच तयार ठेवा. नाव जुळत नाही म्हणून दुसरा एबीसी आयडी काढायला जाऊ नका. आणि हो, आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. खरं तर सगळ्यात आधी करायचं काम वेगळंच: त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे का, ते डेबच्या यादीत बघा.

अभ्यासक्रम मात्र मनापासून बांधलेला आहे. व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा, स्वयंचाचणी असे चार भाग. घटक लिहिणाऱ्या बाईंनी दर दोन पानांनी थांबून प्रश्न विचारलाय, जणू समोर बसल्यात. घरात एकटीने शिकणाऱ्या माणसाचा इतका विचार तिथे झालाय, तसा नावाच्या रकान्याचाही व्हायला हवा होता. मुख्यालयाला तसं लेखी कळवलंय, त्या दोघींच्याही सह्या घेऊन.