फॉलो-अपचा सीटी कमी डोसमध्ये कसा झाला: माझा अनुभव

मला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस आहे, कबुतरांमुळे झालेला. त्यांच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं श्वासातून जाऊन फुफ्फुसांना सूज येते. सूज टिकली की फुफ्फुसं हळूहळू कडक व्हायला लागतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी (फुफ्फुसांना सूज आणणाऱ्या, ती कडक करणाऱ्या आजारांचा गट) रुग्णांच्या नोंदणीत जवळजवळ निम्मे रुग्ण याच आजाराचे होते. पुण्यात आम्ही घर बदललं, स्टिरॉइड सुरू झाले, दम लागणं कमी झालं. पण मी अजून चाळिशीही गाठलेली नाही, आणि हा आजार पुढची कित्येक वर्षं तपासत राहावा लागणार. म्हणजे सीटी पुन्हा पुन्हा आलाच.

मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले होते, रेडिएशनच्या हिशोबाने एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच आक्षेप घेतला, की नव्या यंत्रांवर कमी डोसचा सीटी ५ ते १० एक्स-रेंइतकाच असतो. कोविडच्या दिवसांत ऐकलेले हे दोन्ही आकडे माझ्या मनात तसेच राहिले होते. माझा सीटी यातला कुठला, हे मला कळायला हवं होतं.

उत्तर माझ्याच सीडीत होतं. स्कॅनच्या चित्रांसोबत डोस रिपोर्टचं एक पान असतं, त्यात डीएलपी नावाचा आकडा असतो, पूर्ण स्कॅनमध्ये यंत्राने किती रेडिएशन दिलं ते सांगणारा. छातीच्या सीटीसाठी त्याला ०.०१४ ने गुणलं की अंदाजे मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं माप. माझा डीएलपी ५२० होता, म्हणजे सात मिलिसिव्हर्टच्या थोडं वर. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात.

हे पान घेऊन मी माझ्या चेस्ट फिजिशियनकडे गेले. सर चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नीट समजावलं. निदानाच्या वेळी छाती तीनदा स्कॅन केली होती: श्वास भरून, श्वास सोडून आणि पालथं झोपवून. श्वास सोडल्यावर हवा कुठे अडकते ते माझ्या आजारात बघावंच लागतं, त्यामुळे तेव्हा ते योग्यच होतं. दर वेळी मात्र तिन्हींची गरज नाही. त्यांचं पुढचं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटलं. पीएफटीतले (फुफ्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीतले) एफव्हीसी, म्हणजे खोल श्वास घेऊन बाहेर सोडता येणारी हवा, आणि डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसांतून रक्तात वायू किती चांगला जातो त्याचं माप, स्थिर असतील, सहा मिनिटांच्या चालण्यात ऑक्सिजन उतरत नसेल, तर केवळ वर्ष झालं म्हणून सीटी करायचा नाही. तो वर्षाचा सीटी तिथेच रद्द झाला. सगळ्यात जास्त रेडिएशन त्या एका निर्णयाने वाचलं असं मी मानते.

पुढे डीएलसीओ घसरला, औषध बदलायचं की नाही ते ठरवायचं होतं. आता सीटी हवाच होता, आणि मीही तो टाळला नाही. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी असते. रुग्णासाठी अशी मर्यादा नसते. तपासणी गरजेची आहे का आणि डोस गरजेपुरताच आहे का, एवढंच बघतात. सरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: फॉलो-अप, लो डोस, फक्त श्वास भरून, कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) नको, जुन्या स्कॅनशी तुलना करावी.

सेंटरच्या काउंटरवर सांगितलं गेलं, "आमच्याकडे एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईने केलेला सीटी) एकाच पद्धतीने होतो." मी रेडिओलॉजिस्ट मॅडमना भेटायची विनंती केली. त्या बाहेर आल्या, जुनी सीडी लावून बघितली. माझं वजन कमी असल्यामुळे एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज १२० ऐवजी १०० केव्ही (किलोव्होल्ट) चालेल म्हणाल्या. शरीराच्या जाडीप्रमाणे करंट आपोआप कमी-जास्त होणारी सोय यंत्रात होती, आणि कमी डोसमुळे चित्रात येणारे दाणे काढणारं सॉफ्टवेअरही होतं. स्कॅन फुफ्फुसांच्या टोकापासून तळापर्यंतच, पोटात उगाच खाली न्यायचा नाही, हे त्यांनी टेक्निशियनला बजावलं.

"मग अगदी कमीत कमी का नको?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, डोस फार उतरवला तर चित्र दाणेदार होतं, आणि ग्राउंड ग्लास, म्हणजे सुजेची जी फिकट धुरकट छटा तुमच्यात शोधायची आहे, तीच त्यात हरवते किंवा नसताना दिसते. मग स्कॅन पुन्हा करावा लागतो. लो डोस म्हटलं की आकडा जितका लहान तितकं चांगलं, असं अनेकांना वाटतं. माझ्यासारख्या आजारात ते खरं नाही, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिते आहे.

छातीवर संरक्षक पट्टी ठेवतात का, हेही विचारलं. त्याने चित्र बिघडतं, आता तशी शिफारस करत नाहीत. त्यापेक्षा रुग्ण यंत्राच्या बरोबर मधोमध असणं महत्त्वाचं, असं कळलं. टेक्निशियन दादांनी आधी बाहेरच श्वास रोखायचा सराव करून घेतला. मला खोकला येतो, आणि मध्येच हललं तर सगळं परत. हात डोक्यावर, खोल श्वास, आणि काही सेकंदांत झालं.

या वेळी डीएलपी १०५ आला, म्हणजे सुमारे दीड मिलिसिव्हर्ट. रिपोर्टमध्ये जुन्या स्कॅनशी तुलना नीट झाली होती: डाव्या तळाशी सूज थोडी वाढलेली, व्रण तेवढेच. त्यावरून सरांनी औषध बदललं. पुढचा सीटी त्याच सेंटरमध्ये, त्याच सेटिंगवर करायचा असं त्यांनी सांगितलंय. सेटिंग बदललं तर चित्रातला फरक आजाराचा की यंत्राचा, ते सांगता येत नाही. म्हणून डोस रिपोर्टची प्रिंट पीएफटीच्या कागदांसोबत एकाच फाइलमध्ये लावली आहे.