टॉर्क बरोबर होता

मे महिन्यातल्या वळवात येवल्याकडच्या आमच्या सोलर प्लांटवरच्या १४ प्लेटा उडाल्या. एका टेबलाची, म्हणजे प्लेटा बसवायच्या सांगाड्याची, वरची ओळ आख्खी गेली. एक प्लेट शेजारच्या कांदाचाळीवर जाऊन पडली. चाळीचे पत्रे आधीच गेले होते, म्हणून शिव्या कमी बसल्या.

अशा सकाळी पहिलं काम म्हणजे माणसं लांब ठेवणं. चिखलात फुटून पडलेली प्लेटही ऊन लागलं की वीज बनवते, आणि वायर बऱ्याचदा स्ट्रिंगला, म्हणजे एकीला एक जोडलेल्या प्लेटांच्या माळेला, जोडलेलीच असते. फोटो काढायला आलेली पोरं म्हणतात, "मग बंद करा ना." सूर्य कुठून बंद करू?

दुपारी विम्याचे सर्व्हेअर आले. वाऱ्याची नोंद ठेवणारा लॉगर बघून म्हणाले, "वारा तर ताशी ४१ किलोमीटर. एवढ्यात प्लेट उडते?"

माझं डोकंच फिरलं. आमचा लॉगर १५ मिनिटांची सरासरी लिहितो. प्लेट उचलणारा झोत काही सेकंदांचा असतो. डिझाइनही तीन सेकंदांच्या झोतावरच होतं. आयएस ८७५ मध्ये, म्हणजे बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकात, नाशिकला तो सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्यात वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आमच्या प्लेटा दक्षिणेकडे कललेल्या, उत्तरेची कड उंच. दक्षिणेचं वारं त्यांना दाबतं. उत्तरेचं पोटाखाली शिरून उचलतं. त्या संध्याकाळी उत्तरेचंच होतं. ताशी ७२ चा झोत धरला तरी ढोबळमानाने एका प्लेटेला साठ किलोंची उचल, आणि प्लेटेचं वजन २८. आतल्या ओळींना पुढच्यांचा आडोसा मिळतो, सगळा मार कडेच्या ओळीला. प्लेट वजनावर बसत नाही साहेब, क्लॅम्पवर बसते, असं मी जरा आवाज चढवूनच सांगितलं.

त्यांना पटलं. बोललो त्यातलं काही खोटंही नव्हतं. पण त्याच ओळीतलं शेजारचं टेबल जसंच्या तसं उभं होतं, त्याचं काय?

ते गेल्यावर मी कोपऱ्यातल्या पहिल्या प्लेटेच्या जागी गेलो. एंड क्लॅम्प, म्हणजे टोकाच्या प्लेटेची कड धरणारी पकड, जागेवर. नटावरची लाल रंगाची रेघ सरळ, म्हणजे नट तसूभर फिरलेला नाही. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोराने आवळलेला असला की वाजणारा पाना, लावला, लगेच कट्ट वाजला. आणि क्लॅम्पच्या ओठाला चिकटलेला सायकलच्या ट्यूबचा घडी घातलेला तुकडा, उन्हाने पापडासारखा झालेला.

फेब्रुवारीत गवत कापायच्या मशीनने उडवलेल्या दगडाने ती प्लेट फुटली होती. बदली आलेल्या प्लेटेची फ्रेम ३० मिलिमीटरची, आमचे झेड आकाराचे क्लॅम्प ३५ च्या फ्रेमसाठीचे. अशा वेळी नट आवळला की क्लॅम्पचा पाय पर्लिनवर, म्हणजे प्लेटेखालच्या आडव्या पट्टीवर, टेकतो, रेंच खूश होतो, आणि फ्रेमवर पाच मिलिमीटर मोकळेच राहतात. मी स्टोअरला तीन मेल केले. खरेदीवाल्यांच्या लेखी क्लॅम्प म्हणजे क्लॅम्प. मधला मिड क्लॅम्प तर दोन प्लेटा एकदम धरतो. एक निसटली की शेजारणीची बाजू सुटली, मग तिच्या शेजारणीची. बाजेची दोरी तुटावी तसं.

त्या फटीत ट्यूब घातली होती ती प्लांटवर काम करणाऱ्या आमच्या मामांनी. चोरून नाही, फोन करून सांगितलं होतं, "साहेब, सध्या ट्यूब घातलीय, क्लॅम्प आले की बदलू." माझा इन्व्हर्टर त्या दिवशी सारखा ट्रिप होत होता. मी म्हणालो, "हो हो, लावा." एप्रिलच्या तपासणीत त्याच नटावर रेंच लावून रेघ मारली ती मी, रजिस्टरवर सहीही माझीच.

सर्व्हेअरच्या रिपोर्टात कारण आलंय वादळ. मी त्यांना परत फोन केलेला नाही.

आता मामा स्टीलची पट्टी घेऊन ओळीओळीने फिरतायत आणि मी मागे वही घेऊन. "पस्तीस... पस्तीस... पस्तीस... तीस, साहेब." काल संध्याकाळपर्यंत तीसच्या ११ निघाल्या. अजून निम्मा प्लांट बाकी आहे.